पंचफुलाबाईचं मातेरं

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, लोक आडतींच्या पाट्या वाचत फिरतात. पंचफुलाबाईला वाचता येत नाही आणि तिचं काही अडलंही नाही. सव्वीस वर्षं ती किशनराव शेठच्या आडतीसमोर सांडलेले दाणे झाडून नेते. ते मातेरं सुपात घेतलं की माल कुठला ते ती सांगणार. तांबडी खडी निघाली तर राणीसावरगावचा, काळी चिकट ढेकळं निघाली तर झरीचा. एवढा भूगोल मास्तरांना तरी येतो का, विचारा बघू!

मोंढ्याचा रिवाज जुना आहे. फरशीवर सांडलं ते झाडणारीचं.

पण सांडायला माल तर यायला हवा ना? आता गावच्या फाट्याफाट्यावर वजनकाटे बसलेत. तूर, सोयाबीन तिथूनच ट्रकात चढतं आणि परस्पर कारखान्याला जातं. याला सोय म्हणतात. असेल सोय, मला तर संताप येतो. सलग चार दिवस बाईच्या सुपात नुसती धूळ आली, आणि घरी लेक सुकेशनी बाळंतपणाला आलेली.

पाचव्या दिवशी दोनच गाड्या लागल्या. बाईनं चुलतभावाला, तात्याराव हमालाला, गाठलं.

“दादा, हूक जरा खालून मार की. पोतं थोडं उसवंल.”

“चाळीस वर्सांत माज्या हातून पोतं फुटलं न्हाई, पंचफुला.”

“मंग बाळंतिणीच्या ताटात काय वाढू?”

तात्यारावांनी हूक खालून मारला. हाताला सवय नव्हती. पोतं उभंच्या उभं फाटलं आणि तूर फरशीभर पसरली. शेठ गादीवरून उठून आले. हूक कुठं लागलाय ते बघितलं आणि काय ते समजले.

“मुद्दाम फाडलंस, तात्या. बिल्ला ठेव हितं. उद्यापासून येऊ नको.” मग बाईकडे वळले. “तू बघायलीस काय? सांडलं ते तुजं. रिवाज हाय.”

मीच सांगितलं होतं, एवढंच तिला म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर आडतीसमोरची जागाही गेली असती. तिनं केरसुणी उचलली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

एकटीला भरणं जमेना. तात्याराव वाकले आणि रिकाम्या पोत्याचं तोंड धरून उभे राहिले.

“भर लवकर,” ते म्हणाले. “उद्या सांडायला मी न्हाई.”