तीनची रेघ

बारा वर्षं मी रिंगखाली उभा राहिलो. उंची सहा फूट तीन इंच, त्यामुळे दुसरीकडे कुठे उभं राहायची वेळच आली नाही. संत तुकाराम नगरच्या बाजूला एका मैदानात सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट आहे. चाकणच्या आमच्या कंपनीतले आठ-दहा जण दर रविवारी सकाळी तिथे जमतो. रिंगखालची चौकट कुणीतरी कधीतरी रंगवलेली होती, पण लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी ती कमानीसारखी रेघ नव्हती. म्हणून आमचा नियम साधा होता. कुठूनही टाका, बास्केटला एकच गुण. आधी अकरा करणारे मैदानात राहणार, हरलेले बाहेर. अशा नियमात शहाण्या माणसाने चेंडू मला द्यावा. मी हात वर करायचो, चेंडू यायचा, मी वळून तो रिंगमध्ये ठेवायचो. हो, ठेवायचो. टाकण्याची मेहनत मी कधी घेतलीच नाही.

खेळून झालं की टपरीवर चहा आणि चहाबरोबर ठरलेला वाद, की बास्केटबॉल खऱ्या अर्थाने बदलला कुणी. कुणी हवेत तरंगणाऱ्याचं नाव घ्यायचा, कुणी न बघता पास देणाऱ्याचं. माझं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणायचो, खेळाडूकडे काय बघताय, जमिनीकडे बघा. पूर्वी अमेरिकेत एक-दोन धिप्पाड गडी रिंगखाली असे ठाण मांडायचे की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालेना, म्हणून तिथली चौकट रुंद करावी लागली. ज्याच्यामुळे रेघा हलवाव्या लागतात त्याने खेळ बदलला, बाकीचे नुसते चांगले खेळले. हे सांगताना माझा रोख स्वतःकडे असायचा आणि ते सगळ्यांना कळायचं. पण कुणी बोलायचं नाही, कारण पुढच्या रविवारी प्रत्येकाला मी आपल्या बाजूला हवा असायचो.

मग तो आला. लातूरकडचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा, माझ्या खांद्याला जेमतेम लागणारा. सांगवीत दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. कंपनीत क्वालिटीला लागला होता, म्हणजे रोज माझ्या डोळ्यांसमोरच. आमच्या प्रेसवर साचा बदलला की पहिला पीस त्याच्याकडे जायचा. तो उलटसुलट करून मोजणार, कागदावर सही करणार, मगच माझं मशीन चालू. माझं बोट त्याच्या सहीसाठी बटणापाशी थांबायचं, हेही मला खुपत होतं.

पहिल्याच रविवारी त्याने चौकटीच्या खूप बाहेरून, जिथून आम्ही कधी रिंगकडे बघतही नव्हतो तिथून, चेंडू सोडला. तो कुठेही न आपटता जाळीतून खाली आला. दुसरा तसाच. तिसऱ्याला मैदानावरची माणसं खेळायचं सोडून बघत राहिली. आपल्या नियमात याला एकच गुण, असं मी मोठ्याने म्हणालो. पण टपरीवर त्या दिवशी वाद झालाच नाही. "राव, आता जगात खेळ असाच झालाय, सगळे लांबूनच टाकतात," एकजण म्हणाला आणि सगळे त्या नव्या पोराकडे बघू लागले. तो खाली मान घालून बिस्कीट बुडवत होता. मला त्याचा इतका राग आला की मी चहा अर्धा टाकून गाडीला किक मारली. घरी बायकोने विचारलं, हरलात का? जिंकलो होतो. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तोंड असं का?"

आमचा कप्तान मेंटेनन्सचा सुपरवायझर, चाकणजवळच्याच एका गावचा, शेतकरी घरातला. वाकडच्या एका हॉलमध्ये कंपन्या-कंपन्यांचे सामने होणार होते आणि त्याला आता जिंकायची हाव सुटली होती. "तिथं तीनची रेघ हाय. आपल्याकडं न्हाई. आदी रेघ मारू, मंग सराव," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, जरा चाचरत, "आन रिंगखाली मानूस ठेवायचा का पाची जन पळनारं घ्यायचं, ते बी बघू आमी."

बारा वर्षांत पाच जणांत माझं नाव आधी लिहिलं जायचं आणि उरलेल्या चौघांची चर्चा व्हायची. आता माझीच चर्चा होणार होती.

शॉपमध्ये जमिनीवर पट्टे मारून उरलेला पिवळा रंग कप्तानाने साहेबांना विचारून आणला. एका शनिवारी दुपारी कप्तान, लातूरचा तो पोरगा आणि मी असे तिघे कोर्टवर गेलो. रेघेचं अंतर रिंगच्या बरोबर मध्याखालच्या जागेपासून मोजतात. ती जागा सापडायला रिंगमधून ओळंबा सोडावा लागतो, गवंड्याकडे असतो तसा, दोरीला वजन बांधलेला.

"दादा, ओळंबा तुमी बांधता का? माझा हात पुरंना," तो म्हणाला.

मी टाचा उंचावून ओळंबा जाळीच्या बरोबर मध्ये बांधला. वजन हलायचं थांबलं. तो पाठ करून पिशवीतून टेप काढत होता, कप्तान डबा ढवळत होता. मी खडूने फुली मारली ती ओळंब्याखाली मारली नाही. दोन विती पुढे, कोर्टच्या आत मारली आणि लगेच ओळंबा काढून घेतला. ठरवून आलो होतो असं नाही, पण हात चुकून तिकडे गेला असंही नाही. पुढचं काम त्यांनीच केलं. त्या फुलीवर टेपचं टोक ठेवून दोघांनी बरोबर नियमातलं अंतर मोजलं आणि सुंदर पिवळी कमान काढली. रिंगपासून ती जितकी हवी त्याहून दोन विती लांब.

पहिले दोन रविवार माझे फार सुखात गेले. त्याचे चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायचे. लोक म्हणू लागले, याचं नशीब संपलं वाटतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून, होईल रे, असंही म्हणालो. तिसऱ्या रविवारी दोन गेले. मग चार. तो पाय थोडे जास्त वाकवायला लागला, चेंडू जास्त उंच सोडायला लागला. दीड महिन्यात तो तिथूनही पहिल्यासारखाच टाकू लागला. त्याचं बघून बाकीचे टाकू लागले, ज्यांना जवळून जमत नव्हतं तेसुद्धा. आता रेघेबाहेरून तीन आणि आतून दोन असं मोजत होतो, आणि तीन गुणांची चटक लागल्यावर दोनसाठी आत कोण येतो? मी हात वर करून उभा राहायचो आणि चेंडू माझ्या अवतीभवती बाहेरच्या बाहेर फिरायचा. एकदा हात खाली घेतला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वाकडच्या हॉलमधली रेघ नियमाप्रमाणे होती. तिच्यामागे उभं राहून त्याने सरावाचा पहिला चेंडू टाकला आणि तो सरळ जाळीतून खाली आला. इतक्या जवळून त्याला टाकायला सांगणं म्हणजे चेष्टाच होती. शनिवारच्या सामन्यात त्याचे चेंडू एकामागून एक जात राहिले. आणि दुसऱ्या डावात कप्तानाने मला बाहेर घेतलं. आम्ही पाच पळणाऱ्यांनिशी जिंकलो. मी बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होतो. माझ्या आयुष्यात मी इतक्या खोट्या टाळ्या वाजवल्या नसतील.

सगळे बाहेर गेल्यावर तो माझ्या शेजारी बूट सोडायला बसला. मला राहवलं नाही. म्हणालो, "इथली रेघ सोपी गेली तुला."

"आपली चाळीस सेंटीमीटर लांब हाय की, दादा."

तो नाडी सोडत होता. "त्याच दिवशी संध्याकाळी येऊन मोजली. पहिला पीस न मोजता मी सोडत नसतो, तुमाला म्हायतीच हाय."

बारा वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं. "मग बोलला का नाहीस?"

"ओळंबा तुमी बांधला होता. मी बोललो असतो तर तुमचं नाव निघालं असतं." मग दुसऱ्या बुटाची नाडी ओढत म्हणाला, "आन लांबून जमलं तर जवळून जमंलच, म्हनून ऱ्हाऊ दिलं."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कप्तानाला सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, रागाने टीम सोडली असती, आणि घरी गेल्यावर माझंच खरं असं बायकोला पटवून दिलं असतं. त्याने मला तेवढीही जागा ठेवली नाही. त्याच्या नेमाचा हेवा मी सहा महिने करत होतो. आता त्याच्या स्वभावाचाही वाटू लागला, आणि तो जास्त झोंबला.

तो तिथेच थांबला नाही. "कप्तानाशी बोललोय मी. उद्या फायनलला ते लोक मला मोकळं सोडनार न्हाईत. तुमी रिंगखाली नका थांबू. माझ्यापुढं उभं ऱ्हावा, भिंतीसारखं. तुमच्यावरून कुनाचा हात पोचत न्हाई."

म्हणजे माझी जागा मला मिळाली होती, त्याच्या शिफारशीने, त्याच्या आडोशासाठी. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो, कारण बाकावर परत बसणं मला शक्य नव्हतं.

रविवारी दुपारी फायनलला मी पूर्ण वेळ मैदानात होतो. असा आडोसा करणाऱ्याला हलता येत नाही आणि हात छातीशी घ्यावे लागतात, नाहीतर फाउल. त्यांचा माणूस येऊन माझ्यावर आदळायचा आणि अडायचा. शेवटची काही सेकंदं उरली असताना आम्ही दोन गुणांनी मागे होतो, म्हणजे त्याचा तीनचा एक चेंडू गेला की जिंकलो. तो धावत माझ्यामागे आला, त्यांचा माणूस माझ्या बरगडीवर आदळून थांबला, आणि पाठीमागे त्याचे बूट जमिनीवर करकरल्याचं मी ऐकलं. चेंडू माझ्या डोक्यावरून निघाला, अगदी जवळून. हात वर केला असता तर चेंडूपर्यंत पुरला असता. मी दोन्ही मुठी छातीशी दाबून धरल्या, आणि त्या तशा धरून ठेवायला मला सगळा जोर लावावा लागला.