शेवटापर्यंत वाजवलेली ओवी

निरवांगीच्या झुंबर मास्तरांनी एकतीस वर्षं लग्नांत ट्रंपेट वाजवला आणि एकही गाणं शेवटापर्यंत वाजवलं नाही. यात त्यांची चूक नव्हती. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघायचा तो मांडवात शिरेपर्यंत बँडनं वाजवत राहायचं. मधेच कुणी नाचायला लागलं की तेच कडवं पुन्हा, कुणी हात हलवला की दुसरं गाणं, आणि नवरदेव मांडवात गेला की जिथल्या तिथं बंद. नाचणारा थांबत नाही तोवर वाजवणाऱ्यानं थांबायचं नाही, एवढा एकच कायदा. तो मोडला तर पाव्हणे अंगावर यायचे.

मास्तरांचे वडील मेंढरं राखायचे. शिवारात पाणी आलं, मेंढरं गेली, भेंडी आणि दोडका आला. मास्तर मात्र पंधराव्या वर्षीच इंदापूरच्या एका बँडात शिरले होते. पुढं डीजे आला आणि तो बँड मोडला. मालक वाद्यं भंगारात घालणार हे कळल्यावर मास्तरांनी टेम्पो नेऊन ती घरी आणली. बायको छबूबाई म्हणाली, "घरात पितळंची भांडी कमी हायत व्हय?"

डाग देऊन, वायसर बदलून मास्तरांनी ती वाजती केली आणि गावातली अकरा पोरंपोरी गोळा केली. घरामागं तालीम सुरू झाली तशी म्हैस पान्हा चोरायला लागली. मग बापूसाहेब आबांनी आपली कांद्याची रिकामी चाळ दिली. आबा बहात्तर वर्षांचे, गावातल्या धनगरी गजी नाचाचे म्होरके. त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही.

यंदा बारामतीच्या एका कॉलेजात पोरांच्या बँडांचा कार्यक्रम ठरला. सात बँड, प्रत्येकाला वीस मिनिटं, समोर खुर्च्यांवर बसून ऐकणारी माणसं. मास्तरांना तेवढंच हवं होतं. एकदा तरी माणसांनी गप बसावं आणि गाणं पहिल्यापासून शेवटापर्यंत व्हावं.

दोन चाली सोप्या घेतल्या. तिसरी बिरोबाच्या ओवीची चाल. ओवीला शेवट कुठला? ती रात्रभर चालते. मास्तरांना तो बसवता येईना. अकरावीतली संजीवनी पुढं उभी राहून ट्रंपेट वाजवते, तिनं तो काढला. तिसऱ्या फेरीला चाल संथ करायची, मग अविराजनं ढोलावर दोन ठोके द्यायचे आणि सगळ्यांनी एकदम थांबायचं. दोन महिने ते थांबणंच घोटलं.

रविवारी टेम्पोत पोरं मागं आणि आबा पटका बांधून ड्रायव्हरशेजारी बसले. बारामतीत निरवांगीचा नंबर चौथा लागला. पहिल्या दोन चाली नीट झाल्या. ओवी सुरू झाली आणि दुसऱ्या फेरीला आबा तिसऱ्या रांगेतून उठले. रंगमंचाखाली मोकळ्या जागेत येऊन, रुमाल उडवत त्यांनी गजीचा पाय टाकला. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

तिसरी फेरी आली. चाल संथ झाली, आबा काही संथ झाले नाहीत. अकरा जणांचे डोळे मास्तरांकडं. मास्तरांचं बोट सवयीनं गोल फिरायला उठलं, म्हणजे पुन्हा त्याच कडव्यावर. ते फिरवलं असतं तर सभागृहात कुणाला काही कळलंही नसतं. आणि ज्यांच्या चाळीत पोरं शिकली त्यांनाच चारचौघांत नाचताना थांबवायचं?

मास्तरांनी मूठ मिटली. दोन ठोके पडले. बंद.

आबांचा एक पाय वरच होता.

"का रं, दमली का पोरं?" त्यांनी खालूनच विचारलं.

"न्हाय आबा. ओवी संपली," मास्तर म्हणाले.

टाळ्या झाल्या, बऱ्याच झाल्या. आबांनी रुमाल खिशात घातला आणि ते जागेवर न जाता बाहेर पडले.

परतताना टेम्पो काटेवाडीला चहाला थांबला. पोरांना चाळीला आता कुलूप लागणार असं वाटत होतं. चहा हातात आल्यावर आबा म्हणाले, "माजा पाय वरच्या वर ऱ्हायला, झुंबर. लोकांनी बघितलं."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "आबा, माजी गाणी एकतीस वर्षं तशीच ऱ्हायली. आज एक खाली टेकलं."

आबांनी चहा संपवला. मग संजीवनीला बोलावून विचारलं, थांबायचं हे तुमाला कळतं कसं? तिनं टेम्पोच्या पत्र्यावर संथ फेरी आणि दोन ठोके वाजवून दाखवले. आबांनी ते तीनदा वाजवून घेतलं. "मंग हे आदी सांगाया काय झालं व्हतं?" ते म्हणाले. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सोमवारी चाळ उघडीच होती. आबा गजीतले दोन गडी घेऊन आत उभे होते. त्या दिवसापासून पोरं वाजवतात आणि हे तिघं दोन ठोक्यांवर थांबायला शिकतात. दोघांना जमलंय. आबांचा पाय अजून एक ठोका मागं येतो. मास्तर म्हणतात, यील.