थेंब बुडाला पाहिजे

माणसाचं नाव विसरलं तरी चालेल, पण रक्तगट विसरता कामा नये, असं मनापासून मानणारा गृहस्थ अख्ख्या नाशकात एकच असावा, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. ताईला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून भाऊजींनी पहिला प्रश्न विचारला तो रक्तगटाचा. स्वयंपाक, शिवण, भावगीत अशी सगळी तयारी करून बसलेली ताई पार रडवेली झाली. "काय हरकत नाय, तपासून घेऊ," असं म्हणून त्यांनी तिथेच होकार दिला, आणि लग्नानंतर देवदर्शनाच्याही आधी तिला तपासायला नेलं. पुढे सिडकोतल्या त्यांच्या कॉलनीत कुणी गेलं की ते मला सांगायचे, "कोपऱ्यावरचे ओ पॉझिटिव्ह वारले गं." नाव विचारलं की डोकं खाजवत बसायचे.

भाऊजी मूळचे पिंपळगाव बसवंतचे, नोकरीला मात्र अंबडच्या एका कारखान्यात. मशीनवर तयार झालेला एकेक भाग मापात घालून बघायचा, बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कॉलनीचं वार्षिक रक्तदान शिबिर ते त्याच शिस्तीत चालवत. रक्तपेढीचे डॉक्टर आतल्या हॉलमध्ये आणि हे दारात टेबल टाकून, चष्म्यावरून बघत. झोप झाली का, जेवण झालं का, वजन पंचेचाळीसच्या वर आहे का, कावीळ, मलेरिया, सहा महिन्यांत कान टोचले का, गोंदवलं का, दात काढला का! आपण आत सोडलेला माणूस डॉक्टरांनी परत पाठवला तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. एकदा नवरात्रात एक तरणाबांड माणूस वणीच्या गडावरून पायी उतरून थेट शिबिरात आला. "उपास हाय, पण रक्त द्यायचंच," म्हणाला. भाऊजींनी त्याला खुर्चीत बसवलं, घरून साबुदाण्याची खिचडी मागवून पोटभर खाऊ घातली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "देवीला चालत गेलास, लय चांगलं केलंस. आज तू रिजेक्ट. पुढच्या वेळी जेवून ये."

या रिजेक्ट मालात दरवर्षी पहिला नंबर माझा. त्या काळी बोटातून काढलेला रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडून बघत. बुडाला तर रक्तात लोह पुरेसं, तरंगला तर कमी. माझा थेंब अगदी आरामात तरंगायचा. "तरंगली!" भाऊजी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायचे. मग वर्षभर माझ्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, त्यांच्याकडून गूळ-शेंगदाण्याचे डबे यायचे, रविवारी मेथीच्या जुड्या यायच्या, आणि जेवणावर लगेच चहा घेताना दिसले तर, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही म्हणून, कप हातातून काढून घेतला जायचा. शिबिरात बिस्किटं आणि कॉफी फक्त रक्त देणाऱ्यांना, हा त्यांचा आणखी एक कायदा. सख्ख्या मेव्हणीलाही सवलत नाही. मी बिस्किटांच्या ताटाकडे बघत बसायची आणि ते ताट माझ्यापासून लांब सरकवायचे.

मग त्यांचं साठावं वर्ष सरत आलं. साठीनंतर रक्त देता येत नाही, तेव्हाचा नियमच होता. वाढदिवस पुढच्या महिन्यात, म्हणजे यंदाचं शिबिर शेवटचं. दर तीन महिन्यांनी न चुकता रक्त देत आलेला हा माणूस नवरदेवासारखा तयारीला लागला. तेल बंद, पहाटे गोदाकाठी फेऱ्या. एक दाढ वर्षभर ठणकत होती. सुईला हसणारे भाऊजी दातांच्या डॉक्टरांना मात्र जाम घाबरत. तरी शिबिराच्या आधी पंधरा दिवस त्यांनी धीर करून ती काढून टाकली. "शेवटचा माल एकदम फर्स्टक्लास गेला पाहिजे," ताईला म्हणाले.

शिबिराच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. "झोप? जेवण? कान टोचले? गोंदवलं? दात का..." आणि ते थांबले. गालाच्या आत जीभ हलताना मला दिसली. ती त्या रिकाम्या जागेवर गेली होती. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

मग उठले आणि स्वतःचा फॉर्म भरायला बसले. ताई मागून आली, तिच्या सगळं लक्षात आलं. हळूच म्हणाली, "अहो, दाढेचं नका ना लिहू. शेवटचं आहे. कोण विचारणार आहे?"

"ज्याला ते रक्त चढंल, त्याला विचारायची सोय नाय," भाऊजी म्हणाले. "म्हणून तर आपल्याला विचारत्यात." आणि त्यांनी दाढेपुढे 'हो' लिहिलं. डॉक्टरांनी फॉर्म वाचला, सहा महिने थांबावं लागेल म्हणाले, आणि मग त्यांची नजर वयाच्या रकान्यावर गेली. "मीच सांगतो," भाऊजी म्हणाले, "रिजेक्ट." मला त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढेमागे कुणाचाच वाटलेला नाही. रडूही आलं, ते मी लपवलं नाही.

त्याच दिवशी माझा थेंब निळ्या पाण्यात पडला, क्षणभर रेंगाळला आणि सरळ तळाशी गेला. ओरडायचं सोडून भाऊजी नुसतेच खुर्ची ओढून माझ्या खाटेशेजारी बसले, पिशवी पूर्ण भरेपर्यंत तिच्याकडे बघत. मग स्वतः ताट घेऊन आले. मी बिस्किट मोडून अर्धं त्यांच्यापुढे धरलं.

"दात्यांसाठी हाय ते," म्हणाले आणि माझा हात हळूच मागे केला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. निळं पाणी गेलं, यंत्रं आली. भाऊजी अजून दारात टेबल टाकून बसतात, फक्त प्रश्न विचारताना आवाज थोडा कापतो. मी दरवर्षी अर्धं बिस्किट त्यांच्यापुढे धरते, आणि ते दरवर्षी मान हलवतात. मग ते रुमालात गुंडाळून मी घरी आणते. खावंसं काही वाटत नाही.