मातीला पोचता येईल असा देश

आखाडा बाळापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला बसून चहा पिताना कुणी पाहिलेलं नाही. कप हातात, नजर रस्त्यावर. घरातही तिच्या चपला रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या असत. तिची माय म्हणे, "हिच्या पायाला भिंगरी हाय. पाळण्यात बी धड निजली न्हाई."

नव्वदचं दशक सरत होतं. सिस्टरची नोकरी हंगामी होती आणि कायम होण्याची चिन्हं नव्हती. नांदेडच्या एका एजंटाने तिच्यासमोर दोन देश ठेवले, बहरीन आणि मालदीव. दोन्ही समुद्रातले, नकाशावर ठिपक्याएवढे. मी वार्ताहर, म्हणून ती माझ्याकडे आली. "भाऊ, ह्या दोघांत राहायला चांगलं कोणतं, बघून सांगा."

वाचनालयात बसून मी उत्पन्न, आयुर्मान, शाळा, दवाखाने टिपले आणि तिच्या घरी गेलो. बहुतेक बाबतींत बहरीन पुढे होतं. तिने उभ्यानेच ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक. पण तिथं बाई अडली, तर डॉक्टरपर्यंत कशी जाती?"

कोणत्याही ठिकाणाचं नाव निघालं की तिचा हाच प्रश्न असे. जवळा बाजारकडे नवा रस्ता झाल्याचं मी सांगितलं, तेव्हाही तिने हेच विचारलं होतं.

उत्तर एजंटाकडे होतं. बहरीनमध्ये गाडी दारात येते, दवाखाना मोठा, नर्स पुष्कळ. मालदीवमधली जागा एका लहान बेटावरची होती. पावसाचं पाणी टाकीत साठवायचं, अख्ख्या बेटाला एकच नर्स, डॉक्टर दुसऱ्या बेटावर. मध्ये होडी. समुद्र खवळला की होडी निघत नाही.

"मग मी तिथंच जाते," सिस्टर म्हणाली. "बहरीनचं माझ्यावाचून काय अडलंय?"

माय दारात सुपारी कातरत होती. "जाय की. पन माझ्या मातीला कशी येशील? पोहत?"

मी हसलो.

"हसून काहून राहिले, पेपरवाले? मला हिच्याबिगर कोन हाय?" मग लेकीकडे न पाहता ती म्हणाली, "जिथून माझ्या मातीला येता येईल, त्या देशात जाय."

बहरीनहून मुंबईला थेट विमान होतं. सिस्टर बहरीनला गेली.

ती सुटीवर आली की मी तिच्या घरी भेटून येई. "पाणी चोवीस तास. रस्ते आरशावानी. रात्री बी बाई एकटी चालती. तकलीफ म्हणून न्हाई, भाऊ."

"मग?"

"मग काय न्हाई. घंटी वाजली, की दुसरी सिस्टर माझ्या आधी पोचती."

माय तेवढ्यात टोमणा मारी, "सुखानं वाळून राहिली पोरगी."

पाच-सहा वर्षांनी एका सकाळी माय गेली. फोन मीच लावला. शेजाऱ्यांनी बर्फाच्या लाद्या आणल्या आणि वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर नांदेडच्या जीपमधून उतरली. तिच्यासमोर माती झाली. परतताना लोक एकमेकांना सांगत होते, "सिस्टर बराबर पोचली."

काही दिवसांनी ती निरोप घ्यायला आली. एजंटाशी बोलून झालं होतं. मालदीवमधलंच एक बेट, एकच नर्स, मध्ये होडी. मी सवयीने आकडे काढले. बहरीन अजूनही पुढे होतं.

"व्हय, पुढंच हाय ते," ती म्हणाली. "पण आता कुणाच्या मातीला पोचायचंय, भाऊ?"

अर्धा कप तसाच ठेवून ती बाहेर पडली.

तिकडचा समुद्र खवळल्याची दोन ओळींची बातमी आली, तरी मी ती शेवटपर्यंत वाचतो. होडी निघाली की नाही, ते त्यात नसतं.