गोदामावशीची टोपली

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथं तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि मध्येच "जाऊ द्या, लहान होतात" म्हणणार असाल तर आत्ताच उठा. सोळा वर्षांची होते मी. सोळा वर्षांच्या पोरीला सगळं कळतं.

राग होता मायचा. देवळीच्या भर आठवडी बाजारात तिनं मला थोबाडीत मारली. का? तर मी वामनकडे पाहून हसले. वामन म्हणजे आमच्याच गल्लीतला, मोटारीनं वर्ध्याला शाळेत जाणारा, केसांना इतकं तेल चोपडणारा की कपाळावर ओघळायचं. त्या तेलकट पोट्ट्यावर मी जीव टाकत होते! आज आठवलं की कीव येते स्वतःची — छे, कीव कसली, संताप येतो. "दात काऊन काढून राह्यली त्याच्याकडं पाहून?" माय ओरडली. भाजीवाल्या हसल्या. वामनही हसला. पण राग मला वामनचा आला नाही, मायचाच आला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. विहिरीवर माय सोबत, मैत्रिणीकडे माय सोबत, परसाकडे जायचं तरी लोटा घेऊन माय सोबत! मी ठरवलं, हिचं असं काहीतरी घ्यायचं की हिच्या काळजाला लागलं पाहिजे.

आता मायचं काळीज कशात होतं ते सांगते. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि आमच्याकडे बायका अजून चरख्यावर सूत कातत. सुताच्या गुंड्या खादीच्या दुकानात दिल्या की बदल्यात कापड मिळे. माय स्वतःच्या सुताचंच लुगडं नेसायची. विकतचं कुणी दिलं तर घडीही मोडायची नाही. गुंडी झाली की तिला हळदीचं बोट लावायची आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायची. किल्ली कमरेला. आणि रोज दुपारी समोरच्या घरची गोदामावशी आपला चरखा आणि कापसाच्या पेळूंची टोपली घेऊन आमच्या ओसरीवर यायची. सख्खी मावशी नव्हे. नवरा लवकर गेलेला, लेकरूबाळ नाही. दोघी कातायच्या, भांडायच्या, हसता हसता धागा तोडायच्या. मी जन्मले तेव्हा मला पहिली आंघोळ गोदामावशीनंच घातली होती.

तर एका सकाळी माय न्हाणीत गेली, किल्ली खुंटीवर राहिली. लुगड्यासाठी साठवलेल्या गुंड्यांतल्या निम्म्या मी उचलल्या. दुपारी मायचा डोळा लागला तशी मागच्या दारानं सटकले आणि दुकानात म्हणाले, मायनं पाठवलं. सदऱ्याचं कापड घेतलं आणि वामनला दिलं. हो, त्याला! तो काय म्हणाला माहीत आहे? "मऊ नव्हतं काय याच्यापेक्षा?" पुढे तोच सदरा घालून तो आमच्या दारावरून जायचा, तेव्हा माय मला म्हणायची, "पाह्य, कसं सुताचं घालते. त्याच्या मायनं वळण लावलं." मी हसू दाबायची. वर्षभरात तो यवतमाळकडची बायको करून मोकळा झाला.

चोरी केली, हे झालं. पण चोरीसाठी मी एवढं तोंड उघडलेलं नाही.

दुकानदारानं एक गुंडी परत केली होती — सूत कच्चं आहे म्हणून. ती पोलक्यात खुपसून मी घरी आले तर किल्ली मायच्या कमरेला आणि दोघी ओसरीवर कातत बसलेल्या. त्या पाणी प्यायला आत गेल्या. गोदामावशीची टोपली समोरच होती. गुंडी मी पेळूंच्या खाली सारली. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, फक्त लपवायची होती. खोटं. साफ खोटं! लपवायला चूल होती, गोठा होता, धान्याची कणगी होती.

संध्याकाळी मावशी अजून ओसरीवरच होती, तेव्हा मायनं पेटी उघडली आणि कपाळ बडवून घेतलं. गोदामावशीच धावली आधी. तिनंच कोपरा न् कोपरा धुंडाळला. आणि मी दारात उभं राहून म्हणाले, "टोपल्याबी पाह्य ना, माय."

"गोदीच्या टोपलीत काय असन व, बयताडे," असं म्हणत मायनं हसत हसतच टोपली उलटी केली. माझा खोटेपणा दाखवायला. गुंडी पडली, हळदीच्या बोटासकट.

मावशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मग का नाही बोलली ती? मायसमोर माझं नाव घ्यायचं नव्हतं तिला — आणि याचाच मला जास्त राग येतो, आजही! मायनं ती गुंडी तिच्या अंगावर फेकली. "घेऊन जाय तुले." मावशीनं उचलली आणि गेली. त्यानंतर ओसरीवर एकच चरखा फिरला.

चार वर्षांनी माय तापानं अंथरुणाला खिळली. माझं लग्न ठरलेलं होतं. एका दुपारी ती म्हणाली, "गोदीले बोलाव. गुंड्या गेल्या त गेल्या." समोरचं घर, पंधरा पावलं. मी बाहेर गेले, अंगणात थोडा वेळ उभी राहिले आणि आत येऊन म्हणाले, "येत नाई म्हणते." मायनं तोंड भिंतीकडे केलं. आठवड्यानं गेली.

तेराव्यानंतर गोदामावशी आली. ओसरीवर बसली नाही. पदरातून ती गुंडी काढली. "तुह्या मायची आहे, ठेव. रोज वाटे, आज बोलावंल. म्या दार उघडंच ठेवत होती."

तिला तेवढ्यात सांगता आलं असतं. कुणी ऐकणारं नव्हतं. नुसतं "बोलावलं होतं" एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग तिनं विचारलं असतं, कोणाजवळ निरोप दिला? म्हणून मी — तिनं न्हाऊ घातलेली पोर — म्हणाले, "मायनं तुह्यं नावबी नाई काढलं, मावशी."

"बरं," ती म्हणाली. रस्ता ओलांडून घरात गेली आणि दार लावून घेतलं.