सरदाराची मिशी

आमच्या आतोबांएवढा अडेलतट्टू माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांना झाला नाही, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हारच्या शिवारात जो तो ऊस लावत सुटला होता, तेव्हा यांच्या रानात एका वाफ्यात गहू, दुसऱ्यात घास, बांधावर शेवगा आणि विहिरीपाशी झेंडू. कुणी हटकलं की म्हणायचे, माणसाला एकच चव पुरते का? पेटी वाजवत, अडलेल्या गाई सोडवत, आत्याच्या चोळ्याही स्वतःच बेतत. सगळंच बरं जमे असं नाही. एका चोळीत तर आत्याचा हातच शिरेना. पण 'हे माझं काम नव्हे' असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

गोची व्हायची ती जत्रेच्या नाटकात. आमच्याकडे नाटकातला पार्ट म्हणजे वतनच. एकदा राजा झालेला दात पडेपर्यंत राजा. आतोबांची मिशी झुपकेदार, आवाज रांजणातून आल्यासारखा, म्हणून दरवर्षी त्यांच्या वाट्याला दुष्ट सरदार. त्यांना मात्र हवा होता आईचा पार्ट. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. पण नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी हसून सांगितलं, मिशीवाली आई लोकांना चालायची नाही.

दुसऱ्या दिवशी आतोबा मिशी सफाचट करून आले. आता आमच्याकडे माणूस मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. दुपारपर्यंत घरी दुखवट्याला माणसं आली, बायांनी दारातच गळा काढला. आतोबांचे वडील ओट्यावर भाकरी खात बसले होते. "बसा," ते म्हणाले, "माजं जेवन होऊ द्या, मग रडा." त्यानंतर त्यांनी लेकाशी बोलणंच टाकलं.

मास्तरांनी खोटी मिशी आणली आणि बजावलं, सरदार करायचा, नाहीतर मंडळातून नाव कमी. नाटकाशिवाय आतोबांना वर्ष सुनं जाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आतोबांनी ती मिशी घेतली आणि मास्तरांच्याच खिशात ठेवली.

"मास्तर, मिशी बापासाठी ठेवली न्हाई, तुमच्यासाठी कशाला लावू? आईचा पार्ट द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

ते राहिलंच. आतोबा पुन्हा रंगमंचावर चढले नाहीत आणि त्यांनी मिशीही वाढवली नाही. पुढे वडील खरेच गेले, तेव्हा उतरवायला काही नव्हतं. जत्रेत ते पुढच्या रांगेत बसत आणि आईचा प्रवेश आला की त्यांचे ओठ हलत. मला त्या मास्तरांचा अजून राग येतो. एका प्रवेशाने त्यांचं काय बिघडलं असतं?

आतोबा वारले तेव्हा अंगणात जमलेले सगळे म्हणत होते, आपला सरदार गेला. आत्या घरात ऐकत होती. धाकट्याच्या बाळंतपणात ती जी आजारी पडली, ती कितीतरी महिने अंथरुणालाच खिळून होती. तेव्हा दोन्ही पोरांना न्हाऊ घालणं, वाटी-चमच्याने दूध पाजणं, मांडीवर थोपटून निजवणं, सगळं आतोबांनीच केलं होतं. गावाने ते पाहिलं होतं आणि विसरूनही गेलं होतं. आत्या उंबऱ्यात आली आणि हळू आवाजात म्हणाली,

"सरदार नका म्हनू त्यांना. माज्या लेकरांची आई गेली."