नवसाचा कोंबडा

करकंबच्या गोजरबाईनं मुंगसाच्या तोंडातून सोडवलेलं एकुलतं पिल्लू वाढून तांबड्या तुऱ्याचा कोंबडा झालं. गिऱ्हाइकं मागं लागायची, पण ती विकायची नाही. चौऱ्याहत्तर साली लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरीची सुखरूप सुटका होऊ दे, हाच कोंबडा तुला कापीन, असं गोजरबाई मरीआईला बोलली. पण बाळंतपणातच हौसा गेली आणि बाळही गेलं. नवस फेडायचं कारणच उरलं नाही.

महिन्याभरानं नवरा म्हणाला, "कोंबडा बाजारात न्यू का?"

"हात तर लावून बगा!" ती कडाडली.

रोज सकाळी डालग्याखालून त्याला सोडून ती मूठभर ज्वारी टाकायची. तो दाणे टिपायला लागला की पुटपुटायची, "तुला कापाया मिळालं असतं तर किती बरं झालं असतं रं!"